दोन काड्या

कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाईडमध्ये मॅग्नोलिया आणि आर्लिंग्टन या दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावर एक संत्र्याचं झाड आहे, कुंपणात, पाटीबिटी लावलेलं. नेव्हल जातीचं, म्हणजे बिनबियांचं, फळाच्या बुडाशी बेंबी असलेलं. १८७० साली अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या विल्यम सॉन्डर्स यांनी ही जात ब्राझीलच्या बाहियातून मागवली आणि १८७३ मध्ये त्यातली दोन-तीन झाडं इथल्या एलायझा टिबेट्स नावाच्या बाईंना पाठवली. एक झाड गाईने तुडवलं म्हणतात. उरलेल्यांवरून डोळे, म्हणजे कलमासाठीच्या कळ्या, काढत काढत कॅलिफोर्नियाचा अख्खा नेव्हल संत्र्याचा धंदा उभा राहिला. ते झाड अजून जिवंत आहे, १९१८ मध्ये मुळं सडायला लागली तर बाजूला नवीन रोपं लावून ती त्याच्या खोडात जोडली आणि वाचवलं.

पाहुणे आले की मी त्यांना तिथे नेते, पाच मिनिटांत बघून होतं, मग सगळे कॉफी प्यायला जातात. पण मी वरूडच्या बाजूची, घरी संत्रा आणि काकांची कलमांची नर्सरी, त्यामुळे मला ते झाड बघून दरवेळी आधी धाकधूकच होते. कारण तेव्हा काही तपासणी नव्हती हो. बोटीतून आलेली कलमं सरळ मातीत. त्यांच्यासोबत काय काय आलं असतं आणि आलं नाही, किंवा आलं पण कळलं नाही, हा निव्वळ नशिबाचा भाग.

असं नशीब दरवेळी लागत नाही. १९१० च्या सुमारास जपानहून खुंटासाठी, म्हणजे ज्यावर कलम बांधतात त्या खालच्या झाडासाठी, मागवलेल्या रोपांवरून फ्लोरिडात खैऱ्या रोग शिरला, आपल्याकडे कागदी लिंबावर येतो तोच, आणि मग बागाच्या बागा आणि नर्सऱ्या जागच्या जागी जाळाव्या लागल्या. त्याच १९१० च्या जानेवारीत टोकियोने वॉशिंग्टनला भेट दिलेली चेरीची दोन हजार झाडं तपासली तर किडी आणि रोग निघाले, आणि राष्ट्राध्यक्षांच्या संमतीने तीही जाळली. दुसऱ्या देशाने प्रेमाने दिलेली भेट! जपान्यांनी मोठ्या मनाने १९१२ मध्ये तीन हजारांवर नवीन, निरोगी झाडं पाठवली, आज लोक वसंतात बघायला जातात ती. आणि त्याच वर्षी अमेरिकेत प्लांट क्वारंटाईनचा कायदा झाला.

हे सगळं मी काकांना फोनवर सांगितलेलं आहे. काकांचं म्हणणं साधं आहे. आमच्या मळ्यात एक मातृवृक्ष आहे, जुना, फळ पातळ सालीचं, गोडी अशी की बस. त्यांच्या मते तिकडचा संत्रा म्हणजे नुसता रंग. तर चुलतभाऊ शिकायला इकडे यायचा होता त्याच्या बॅगेत डोळकाड्या द्यायच्या, मी खुंट तयार ठेवायचा, बस. ‘दोन काड्याच त हायेत बाई, ओल्या फडक्यात गुंडाळून सॉक्समंदी घालतो, कोन पाह्यते?’ मी म्हटलं कुत्रा पाहतो. तर ते हसले. पण खरंच एअरपोर्टवर बीगल कुत्री असतात, ती फळं, पानं, माती बरोबर हुंगून काढतात.

आणि काकांचा मुद्दा अगदीच चुकीचा नाही हे पण सांगते. डोळकाडी दिसायला निष्पाप असते. पेन्सिलीएवढी जाड, वितभर लांब, पानं छाटलेली. माती नाही, मूळ नाही, कीड असेल तर धुऊन निघेल. शेतकऱ्याच्या नजरेला रोग म्हणजे डाग, डिंक, वाळलेला शेंडा. काडीवर तर काहीच दिसत नाही! लिंबूवर्गाची खरी दुखणी मात्र अशी आहेत की ती काडीच्या आत, सालीखालच्या अन्नवाहिन्यांत बसून येतात, आणि चांगल्या जोमाने वाढणाऱ्या झाडातसुद्धा वर्षानुवर्षं गप्प असतात. झाड ज्या खुंटावर आहे तो सोशिक असला तर कळतही नाही. तीच काडी दुसऱ्या खुंटावर बांधली की खेळ सुरू.

ट्रिस्टेझा या विषाणूच्या रोगाचं असंच झालं. दक्षिण अमेरिकेत आणि भूमध्य समुद्राच्या काठावर लोक आंबट नारिंगाचा खुंट वापरायचे, कारण तो डिंक्याला, म्हणजे खोडातून डिंक गळवणाऱ्या रोगाला, दाद देत नाही, आणि डिंक्याने बाग कशी जाते हे आमच्याकडे कोणाला सांगायला नको. म्हणजे लोकांनी विचारपूर्वक, एका रोगावर उपाय म्हणून तो खुंट निवडला होता. मग बाहेरून आलेल्या लागवडीच्या मालातून ट्रिस्टेझाचा विषाणू आला, काळा मावा त्याला झाडाझाडावर घेऊन गेला, आणि १९३० च्या दशकात अर्जेंटिना-ब्राझीलमध्ये आंबट नारिंगावरच्या गोड संत्र्याच्या बागा उभ्या उभ्या वाळल्या. स्पेनमध्ये तो १९५७ मध्ये सापडला आणि पुढच्या काही दशकांत तिथली चार कोटींच्या आसपास झाडं गेली. चार कोटी.

तर मग बाहेरचा वाण आणायचाच नाही का? आणतात ना. कॅलिफोर्नियात त्याचा रस्ता आमच्या रिव्हरसाईडमधूनच जातो. इथल्या विद्यापीठात सिट्रस क्लोनल प्रोटेक्शन प्रोग्रॅम म्हणून आहे, त्याची मुळं १९३० च्या दशकात हॉवर्ड फॉसेट या शास्त्रज्ञाच्या कामात आहेत, सोरोसिस नावाचा साल सुटत जाणारा रोग कलमातून पसरतो हे त्यांनी दाखवलं. त्याआधी लोकांना वाटायचं झाड म्हातारं झालं की साल सुटतेच. आज बाहेरून काडी आणायची तर केंद्र सरकारचं खास परमिट लागतं आणि ती थेट अशा केंद्रात, बंद खोलीतच उघडली जाते. क्वारंटाईनच्या आत मला कोणी सोडणार नाही, सोडूही नये, पण तिथे काय चालतं ते व्याख्यानांतून, वाचून, आणि ओळखीच्यांना पिडून मी बऱ्यापैकी समजून घेतलंय.

मला सगळ्यात भारी वाटलं ते हे, की आलेल्या काडीतलं शेवटी जवळपास काहीच आत येत नाही. काडीवर नवी फूट आणतात, त्या फुटीचा अगदी टोकाचा कोंब, दोन-तीन पानांच्या कळ्यांसकट, मायक्रोस्कोपखाली ब्लेडच्या पात्याने कापून घेतात. माप किती, तर ०.१ ते ०.२ मिलिमीटर. नुसत्या डोळ्याला धुळीचा कण. आणि मग काचेच्या नळीत अंधारात उगवलेलं, दोन आठवड्यांचं पांढुरकं खुंटरोप घेऊन त्याचं डोकं उडवून त्या जखमेवर हा कण बसवतात. टेस्ट ट्यूबमधलं कलम! आमच्या घरी डोळे भरताना काका सालीत उलटा टी कापतात, तोच उलटा टी इथेही कापतात, फक्त चाकूच्या जागी ब्लेडचा तुकडा आणि बांधायला पट्टी नाही.

एवढं बारीक का घ्यायचं, तर त्या टोकाला अजून अन्नवाहिन्या जोडलेल्या नसतात. विषाणू, जिवाणू वाहिन्यांतून फिरतात, टोकापर्यंत ते बहुतेकदा पोचलेले नसतात. पेशींची वाढ पुढे आणि रोग मागे, त्या दोघांमधल्या फटीतला तुकडा उचलायचा. रिव्हरसाईडचे तोशिओ मुराशिगे आणि सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये याची सुरुवात केली, आणि मग चेट रॉइस्टॅकर आणि स्पेनहून आलेले लुईस नाव्हारो यांनी मिळून १९७५ मध्ये पद्धत पक्की केली. नाव्हारो ती घेऊन व्हॅलेन्सियाला परत गेले आणि ट्रिस्टेझाने उजाड झालेल्या स्पेनने आपल्या बागा या अशा कणांवरून पुन्हा उभ्या केल्या. त्याआधी बी लावून स्वच्छ रोप काढायचे, कारण लिंबूवर्गात बरेचदा बीतून आईसारखंच रोप येतं आणि बहुतेक विषाणू बीतून जात नाहीत, पण बीचं रोप म्हणजे काटेच काटे आणि फळाला कितीतरी वर्षं. कोंबाच्या कलमाला ती अडचण नाही.

कलम जगलं म्हणजे झालं असं नाही. सगळी जगत नाहीत, आणि जी जगतात ती स्वच्छ आहेत का हे बघायला खरी परीक्षा पुढे. इथे मला एक गंमत कळली, ती मी घरी सगळ्यांना सांगितली आणि आईला सोडून कोणाला फारसं कौतुक वाटलं नाही, म्हणून इथे लिहिते.

तपासायचं कसं? नवीन झाडाचा तुकडा एखाद्या नाजूक प्रकृतीच्या झाडावर बांधायचा, असं झाड की ज्याला तो रोग झाला तर लपवताच येत नाही. आणि ट्रिस्टेझासाठी जगभर जे झाड वापरतात ते म्हणजे मेक्सिकन लाईम. नाव मेक्सिकन, पण हे आपलं कागदी लिंबू! आशियातून अरबांबरोबर पश्चिमेला, मग स्पॅनिश लोकांबरोबर मेक्सिकोत गेलेलं. थोडा जरी ट्रिस्टेझा असला तरी याच्या कोवळ्या पानाच्या शिरा मधे मधे पारदर्शक होतात, पान उजेडासमोर धरलं की ठिपक्याठिपक्यांनी उजेड आरपार दिसतो. आणि एक्सोकॉर्टिस या दुसऱ्या रोगासाठी काय, तर एट्रॉग सिट्रॉन, म्हणजे महाळुंग. ज्यू लोकांच्या सणाला लागतं ते, आणि कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात आहे तेही. एक्सोकॉर्टिस जिच्यामुळे होतो ती गोष्ट विषाणूपेक्षाही लहान, व्हायरॉइड म्हणतात, नुसता आरएनएचा वेटोळा, ३७० च्या आसपास अक्षरांचा, ट्रिस्टेझाचा विषाणू त्याच्यापुढे राक्षस, १९ हजारांवर अक्षरं. पूर्वी हा रोग ओळखायला तीन पानी संत्र्याच्या खुंटाची साल कधी तडकते याची वर्षानुवर्षं वाट बघावी लागे. महाळुंगाचं निवडलेलं रोप काही महिन्यांत पानं खाली मुरडून सांगतं. दारावर लिंबू-मिरची बांधणाऱ्या आपल्या लोकांना हे सांगायला पाहिजे, अमेरिकेच्या दारावर पण लिंबूच बांधलंय!

याचे हवामानाचे नखरे पण आहेत. ट्रिस्टेझा, सोरोसिस वगैरे थंड ग्रीनहाऊसमध्ये लक्षणं दाखवतात, व्हायरॉइडना मात्र उन्हाळा लागतो, दिवसा ३२ अंशांच्या वर. म्हणजे एकाच झाडाची परीक्षा वेगवेगळ्या खोल्यांत, काहींना मार्च आणि काहींना आमच्या वरूडचा मे. दर रोगाला वेगळं साक्षीदार झाड, शेजारी मुद्दाम रोग दिलेलं एक आणि निरोगी ठेवलेलं एक, तुलनेला. चाकू प्रत्येक झाडानंतर ब्लीचच्या पाण्यात बुडवायचा, कारण व्हायरॉइड नुसत्या पात्यावरून पुढच्या झाडात जातो. या सगळ्यात दोन-तीन वर्षं सहज जातात आणि काही निघालं तर पुन्हा कोंब कापण्यापासून सुरू.

आता प्रश्न येतोच की पीसीआर असताना एवढं कशाला. कोविडमध्ये आपण सगळेच पीसीआरचे तज्ज्ञ झालोय. पीसीआर इथेही करतात, भरपूर करतात, जलद आहे. पण तो ज्याच्याबद्दल विचाराल तेवढंच सांगतो. ट्रिस्टेझा आहे का, नाही. ग्रीनिंग, म्हणजे झाड हळूहळू खंगवणारा जिवाणूचा रोग, आहे का, नाही. ज्या रोगाला अजून नावच पडलं नाही त्याच्याबद्दल तो विचारणार कसा? कागदी लिंबाला मात्र नावाशी घेणंदेणं नाही, त्याला त्रास झाला की पान वेडंवाकडं येणार, मग माणसं शोधतील काय आहे ते. दूरदेशीच्या अनोळखी झाडासाठी मला तरी मशीनपेक्षा त्या लिंबाचा भरवसा जास्त वाटतो. आणि रोगी आहे हे एका दिवसात सिद्ध करता येतं, निरोगी आहे हे सिद्ध करायला वाट बघण्याशिवाय दुसरी युक्ती अजून कोणाला सापडलेली नाही. काकांना मी एवढंच समजावत असते, की ही तीन वर्षं कागदपत्रांची नाहीत, ती झाडाला बोलायला दिलेली आहेत.

ग्रीनिंगने तर हे फारच कडक शिकवलं. याचा जिवाणू झाडात सगळीकडे सारखा नसतो, एका फांदीत असतो आणि दुसऱ्या फांदीत नसतो, त्यामुळे चुकीचं पान तोडलं की टेस्ट निगेटिव्ह. झाड बराच काळ हिरवंगार दिसत राहतं आणि तेवढ्यात सिला नावाची तांदळाच्या दाण्याहून लहान कीड त्यावर बसून पुढच्या झाडावर जाते. फ्लोरिडात सिला १९९८ ला दिसली, रोग २००५ ला. २००३-०४ च्या हंगामात फ्लोरिडाने २४ कोटींवर पेट्या संत्री काढली होती, २०२२-२३ मध्ये दीड कोटींच्या थोड्या वर. मधे वादळांनीही झोडपलं, ते खरं, पण बागांचं कंबरडं आधी ग्रीनिंगनेच मोडलं होतं. रोग बरा करणारा उपचार नाही. झाड उपटायचं.

आणि कॅलिफोर्नियात २०१२ मध्ये पहिलं रोगी झाड कुठे सापडलं? मोठ्या बागेत नाही, बंदरावर नाही. लॉस एंजेलिसजवळ हसिएंडा हाइट्समध्ये, एका घराच्या परसात, लिंबू आणि पपनस असं एकाच झाडावर कलम केलेलं. काडी कुठून आली यावर तर्क बरेच झाले, पण मला त्या झाडाचं वर्णन वाचून पोटात कसंतरी झालं कारण ते मला ओळखीचं वाटलं. असं झाड धंदेवाला लावत नाही. हौशी माणूस लावतो, ज्याला गावाकडच्या फळाची आठवण येते, जो फांदीला पट्टी बांधून रोज सकाळी बघतो डोळा फुटला का. त्यानंतर हजारो रोगी झाडं निघाली, बहुतेक सगळी अशीच घराघरांतली.

आता कढीपत्ता. हा विषय इथल्या मराठी मंडळात काढला की भांडण ठरलेलं. कढीपत्ता लिंबाच्याच कुळातला, आणि सिलाला तो अतिशय प्रिय, कोवळ्या पालवीत अंडी घालायला. खुद्द झाडात ग्रीनिंगचा जिवाणू तितकासा रुजत नाही पण कीड मजेत राहते, आणि कीड पोटात जिवाणू घेऊन येऊ शकते. २००९ मध्ये फ्रेस्नोला कुत्र्याने भारतातून आलेल्या सामानात कढीपत्ता पकडला, त्यावर सिला होत्या, आणि तपासल्यावर त्यांच्यात ग्रीनिंगचा जिवाणू निघाला. म्हणजे कॅलिफोर्नियात एकही रोगी झाड सापडायच्या तीन वर्षं आधी. कोणीतरी कोणाला तरी फोडणीसाठी पाठवला असणार, दुसरं काय. आमच्याकडे अजूनही गॅरेजमध्ये वाढवलेली कढीपत्त्याची रोपं एका शहरातून दुसऱ्या शहरात बारशाला आहेर म्हणून जातात, क्वारंटाईनच्या हद्दीतून बाहेर न्यायला बंदी असली तरी. मी बोलते, मग दोन आठवडे मला कोणी पॉटलकला बोलवत नाही. चालायचंच.

नागपुरी संत्रा इथे नाहीच असंही नाही. आपला संत्रा पोंकन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मँडरिनच्या गोतावळ्यातला, आणि पोंकन इथे मिळतो. लिंडकोव्हला, विद्यापीठाच्या संशोधन केंद्रात, या कार्यक्रमाची जाळीखाली सांभाळलेली मातृझाडं आहेत, त्यांच्यावरून तपासलेले डोळे नर्सऱ्यांना जातात, साध्या माणसालाही थोडे विकत मिळतात. काकांना सांगितलं तर म्हणाले, पोंकन म्हणजे आमच्या झाडाचं फळ नोहे. ते बरोबरच आहे. पण त्या एका झाडासाठी कोणी परमिट काढून तीन वर्षं दोन खोल्यांत महाळुंग वाढवणार नाही, हेही तितकंच बरोबर.

गंमत म्हणजे हीच सगळी तऱ्हा काकांच्या तालुक्यापासून फार लांब नाही. नागपूरला अमरावती रोडवर लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था आहे, तिथेही कोंबाची कलमं करतात, तपासतात, रोगमुक्त रोपं देतात. परदेशातून संशोधनासाठी येणारी काडी आपल्याकडे दिल्लीच्या वनस्पती अनुवंशिक संसाधन ब्यूरोमार्फत, क्वारंटाईन होऊनच पुढे जाते. आणि ग्रीनिंग तर आपल्याकडे केव्हाचं आहे, १९६६ मध्येच लिलियन फ्रेझर या ऑस्ट्रेलियन बाईंनी भारतातल्या वाळत चाललेल्या बागा फिरून त्याचं नाव घेतलं होतं. आपण इतकी वर्षं त्याला मर म्हणत आलो, पाणी कमी पडलं, जमीन चोपण आहे, बहार जास्त धरला, काहीही. ती कारणं असतातही, म्हणूनच रोग त्यांच्या मागे लपतो.

मी काकांना म्हटलं, तुम्ही तरी नर्सरीला डोळे तपासलेल्या झाडाचे वापरा आणि चाकू ब्लीचमध्ये बुडवत जा. चाकूचं त्यांनी ऐकून घेतलं. रोपांवर मात्र त्यांचा सवाल असा, की समजा आणलं मी महागाचं स्वच्छ कलम, आणि धुऱ्यापलीकडे दुसऱ्याची रोगी बाग, त्याच्या सिला माझ्याकडे येणारच, मग माझे पैसे कशाचे? मी म्हटलं रोगी रोप लावलं तर पहिल्या दिवसापासून बाग रोगी, स्वच्छ लावलं तर निदान वेळ मिळतो, आणि फवारणी सगळ्या शिवाराने एकदम केली तर फरक पडतो. सगळं शिवार एकदम, हे शब्द ऐकून ते मोठ्याने हसले. मग मी फ्लोरिडाचं सांगितलं, तिथे आता काही लोक आख्ख्या ग्रेपफ्रूटच्या बागेवर किडीची जाळी टाकतात, वरून, बाजूंनी, दारासकट. ‘एकराले किती लागते?’ मी अंदाज सांगितला. पलीकडे थोडा वेळ कोणी बोललं नाही, मग ते म्हणाले, बरं ते जाऊ दे, यंदा मृग बहाराचा, फुलं धरायला दिलेला पाण्याचा ताण लवकर तुटला, मे मधेच पाऊस पडला, तुमच्या विद्यापीठात त्याच्यावर काही औषध आहे का ते विचार.